कापलेले शेंडे

कणसाचा शेंडा कापलेला होता. वाऱ्यानं मोडला नव्हता, किड्यानं खाल्ला नव्हता. कात्रीनं सरळ रेषेत उतरवला होता. स्पृहा कुंडीपाशी उकिडवी बसली, मास्क नाकाखाली ओढून तिनं जवळून पाहिलं. काप अजून ओला होता. म्हणजे आजचा. म्हणजे सकाळच्या पाळीतला.

काचघरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. वर पंखे घुमत होते, अकराच्या फवाऱ्याचं पाणी पानापानांवरून ठिबकत होतं. काचेपलीकडे ॲडलेडचा एप्रिल पसरला होता, निळा, स्वच्छ आणि माणसांवाचून ओस. डोंगराच्या पायथ्याशी कांगारू गवत तांबूस पडलं होतं आणि त्यातून चालायला कुणी येत नव्हतं.

मार्चच्या अखेरीस विद्यापीठ बंद झालं होतं. म्हणजे माणसांसाठी झालं. झाडांना कसं बंद करणार? त्यांना पाणी हवंच. म्हणून काचघराच्या दोन पाळ्या लागल्या. सकाळी सात ते अकरा एक माणूस, दुपारी बारा ते चार दुसरा, मधला एक तास हवा बदलायला. दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही. कात्री ज्याची त्याची, पिशव्या ज्याच्या त्याच्या, कुलूपबंद ड्रॉवरात. दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही, हा नियम तर महामारीच्याही आधीचा, दारावर लाल अक्षरांत लिहिलेला.

दुपारची पाळी स्पृहाची. सकाळची प्रल्हाद ढोबळेची.

तिनं त्या कणसाचे चार बाजूंनी फोटो काढले. मग उरलेल्या कणसावर कागदी पिशवी चढवली, बुडाशी घडी घालून क्लिप लावली, तारीख घातली. ती तिनं पुन्हा एकदा ताडून पाहिली. कारण हे कणीस साध्यासुध्या झाडाचं नव्हतं, सतरा नंबरच्या लेकीचं होतं.

जोंधळ्याच्या फुलाला कुणी फूल म्हणत नाही. त्याला पाकळ्या नाहीत, वास नाही, ते कुणी देवाला वाहत नाही की केसात माळत नाही. दोन तुसांच्या मिटल्या ओंजळीत दोन कळ्या जन्मतात, एक वर, एक खाली. काही दिवस दोघी सारख्या वाढतात, एकमेकींना टेकून. मग खालचीचं वाढणं थांबतं. का थांबतं, कोण तिला थांबवतं, कुणालाच नीट ठाऊक नाही. ती पातळ पापुद्र्याएवढी होऊन राहते आणि वरचीचा दाणा भरतो. जोंधळ्यात असंच घडतं, उसातही तसंच, आणि इथल्या डोंगरावरच्या कांगारू गवतातही. कुणी समुद्राच्या अलीकडे राहिलं, कुणी पलीकडे जाऊन वसलं, पण घराण्याची ही रीत त्यांच्यात चालत आली: दोघी जन्मायच्या, एकीनंच नांदायचं.

सतरा नंबरनं ती रीत मोडली. तिच्या तुसात खालची कळीही जगली. दोन दाणे, पाठीला पाठ लावून, जुळे. स्पृहानं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं तेव्हा ती खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आली होती. या झाडात काय चाललंय हे कळलं, तर साऱ्या गवत-घराण्यात खालचीला गप्प बसवणारा हुकूम कुठून येतो ते कळणार होतं. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता आणि तो डिसेंबरात द्यायचा होता.

त्यासाठी हवं होतं शुद्ध बी. सतरा नंबरच्या लेकींना त्यांचाच पराग लागायला हवा. म्हणून कणसावर पिशवी. परका पराग लागला की पुढच्या पिढीत जुळेपण झाकलं जातं, एकेरी दाणे येतात, आणि तीन वर्षं मातीत. त्याच काचघरात, चार हातांवर, दुसऱ्या गटाच्या साध्या जोंधळ्याच्या चाळीस कुंड्या मांडलेल्या होत्या. त्यांची देखभाल प्रल्हादकडे होती.

त्याला ती एकदाच भेटली होती, फेब्रुवारीत, पाळ्या वगैरे सुरू व्हायच्या आधी. उंच, सावळा, तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठा. इथेच बागकामाचा डिप्लोमा करून तात्पुरत्या व्हिसावर राहिलेला, काचघरात रोजंदारीवर. मंगळवेढ्याकडचा, असं त्यानं सांगितलं होतं. तेव्हा सतरा नंबर दाण्यावर होती. तो तिच्यापुढे किती तरी वेळ उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला होता, ह्यातले दोन दाणे मिळतील का, गावाकडं लावून बघायला. स्पृहानं नाही म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, नकळत झाडापुढे हात आडवा धरला. तो हसला आणि निघून गेला.

ते हसू आता तिला आठवलं आणि वेगळंच दिसायला लागलं.

दोन दिवसांनी दुसऱ्या कणसाचा शेंडा गेला. त्यानंतर तिसऱ्याचा. तिनं वहीत नोंदी सुरू केल्या आणि नोंदींतून एक चाल दिसू लागली. पिशवी चढवलेल्या कणसांना धक्का नव्हता. जी निसवून पानाबाहेर आली आहेत, पण ज्यांच्यावर अजून पिशवी चढलेली नाही, नेमकी तीच कापली जात होती. आणि फक्त तिचीच. त्या चाळीस कुंड्यांतल्या एकाही कणसाला कात्री लागलेली नव्हती.

दाणे हवे असते तर चोर महिनाभर थांबला असता. मग फुलोऱ्यातला शेंडा कशाला? या प्रश्नावर ती एक संध्याकाळ अडली. पण संशयाला वाट सापडतेच. पराग, तिच्या मनानं सांगितलं. त्याला पराग हवाय. शेंडा न्यायचा, आपल्या कुंड्यांवर झटकायचा, आणि जुळ्या दाण्याचं वाण गुपचूप आपलं करायचं. फेब्रुवारीत मागून मिळालं नाही, आता न मागता घेतोय.

त्या रात्री तिनं त्याचं फेसबुक पान उघडलं. शेत, बैल, भावाचं लग्न. एका फोटोत भाऊ कणीस हातात धरून उभा. स्पृहानं तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, दाणे एकेरी की जुळे ते पाहायला. नुसते चौकोन दिसत राहिले.

घरात तिची मैत्रीण कादंबरी होती. मॉसन लेक्स या उपनगरातल्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. कादंबरी नाशिकची, वृद्धाश्रमात काम करणारी; कामावरून आली की दारातच कपडे बदलायची, तरी स्पृहा तिच्या पाठोपाठ दाराची मूठ पुसायची. बाहेरही तेच. बसमध्ये एक सीट सोडून एक सीट पट्टी लावून बंद केलेली, कुणी खोकलं की सगळी डोकी तिकडे वळायची. त्या महिन्यांत शहरात माणसं एकमेकांकडे पाहायची ती माणूस म्हणून नाही, आपल्याला त्याच्याकडून काय लागेल म्हणून.

स्पृहाची वही पाहून कादंबरी म्हणाली, "तू पोलिसात जायला हवं होतंस. गवतात कशाला वाया गेलीस?"

"तो चोरतोय, कादंबरी."

"काय चोरतोय? तूच म्हणतेस त्यात दाणे नाहीत. विचार की त्याला सरळ. मराठी ग्रुपवर नंबर असेल."

विचारलं की सावध होईल, असं स्पृहाचं म्हणणं. कादंबरीनं खांदे उडवले आणि वरणाला फोडणी घातली.

सहाव्या कणसाच्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली. साडेदहा वाजता काचघराच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीआड, पोचली. आत जायची परवानगी नव्हती, पण काचेतून बघायला कोण अडवणार? प्रल्हाद तिच्याच कुंड्यांपाशी उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं. मग कणसाला बोट न लावता डोळा लावला, वरून खाली, खालून वर. खिशातून कात्री काढली, शेंडा उतरवला आणि खाली पडू न देता एका तपकिरी कागदी पाकिटात घातला. पाकिटावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलं. सगळा वेळ मास्कच्या आत त्याचे ओठ हलत होते; मास्क वरखाली होत होता. मोजतोय, स्पृहानं ताडलं. पाकीट त्यानं खिशात टाकलं.

तिच्या फोनमध्ये सगळं उतरलं होतं. एक मिनिट, चाळीस सेकंद.

तिची मार्गदर्शक फियोना सहसा शांत बाई, पण ती चित्रफीत पाहून तिच्याही कपाळाला आठी पडली. तिनं लेखी तक्रार मागितली. स्पृहानं ती अशी लिहिली की त्यात एकही शब्द सैल राहिला नाही: प्रायोगिक झाडांशी छेडछाड, विनापरवानगी, वारंवार, हेतुपुरस्सर. प्रल्हादला झूमवर बोलावण्यात आलं. स्पृहा त्या बैठकीत नव्हती. नंतर फियोनानं तिला दोन ओळी कळवल्या. त्यानं नाकारलं नाही. कापले, म्हणाला. का, तर शेंडे आधीच फुललेले होते, म्हणाला.

ते वाचून स्पृहा मोठ्यानं हसली. फुललेले? रोज दुपारी बाराला ती स्वतः ती कणसं बघत होती. शेजारच्या न कापलेल्या कणसांवरही एक फूल उघडं नसायचं. सगळ्या कळ्या मिटलेल्या, हिरव्या, घट्ट. खोटं बोलायचं तर निदान बघून तरी बोलायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात प्रल्हादचं नाव पाळीतून गेलं. त्याच्या जागी पाणी घालायला एक गोरा मुलगा आला. तो कानात गाणी लावून यायचा आणि झाडांकडे बघायचाही नाही. स्पृहाला बरं वाटलं. पुढची पाच कणसं अखंड आली, शेंड्यासकट, मुंडावळ्या बांधल्यासारखी. एकेकावर तिनं दुपारी पिशवी चढवली. खूप दिवसांनी तिला शांत झोप लागली.

जूनमध्ये कापणी झाली, प्रत्येक कणसाचं बी वेगळं ठेवलं, जुलैत पेरलं. बाहेर थंडी होती, काचघरात ऊब. सप्टेंबरात नवी झाडं पोटरीतून बाहेर आली आणि स्पृहा एकेका तुसाची ओंजळ सुईनं उघडून बघू लागली.

पहिल्या सहा कणसांची लेकरं, शेंडा कापलेल्यांची, सगळी जुळी. एकूणएक.

नंतरच्या पाच कणसांची लेकरं मिसळलेली. काही जुळी, काही एकेरी. एका कणसाच्या तर तीस रोपांत सात एकेरी निघाली.

तिनं पुन्हा मोजलं. लेबलं तपासली. आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो हाच, की तो गोरा मुलगा. त्यानं पिशव्या उघडल्या असतील. तिनं मेचे फोटो काढून क्लिपा तपासल्या. एकही हललेली नव्हती. मग फियोनावर मन गेलं, मग दुसऱ्या गटावर. एका दुपारी तर स्टूलवर बसून ती कादंबरीबद्दलसुद्धा विचार करू लागली, कादंबरीला काचघराचा रस्ताही माहीत नव्हता तरी. तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली.

जो कापत होता, त्याची कणसं स्वच्छ. जिथे कुणी हात लावला नाही, तिथे भेसळ. हे वाक्य तिनं वहीत लिहिलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

नियम एव्हाना सैल झाले होते. पाळ्या नावापुरत्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कादंबरीची पहाटेची शिफ्ट होती. तिच्या गाडीतून स्पृहा निघाली आणि साडेपाचला काचघरात शिरली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. तिनं एकच दिवा लावला.

नव्या झाडांतलं एक कणीस कालच पुरतं निसवलं होतं. काल दुपारी तिनं ते पाहिलं होतं: बंद. आज त्याचा शेंडा फुललेला होता. बोटभर भागात, टोकापासून खाली, तुसांनी ओंजळी उघडल्या होत्या. प्रत्येकीतून पिवळे केसर बारीक दोऱ्यांवर लोंबत होते, आणि दोन्ही बाजूंनी पिसासारख्या कुक्षी बाहेर आल्या होत्या, जे येईल ते झेलायला. पंखा फिरला. चार हातांवरच्या साध्या जोंधळ्यावरून पिवळा धुरळा उठला आणि उजेडाच्या पट्ट्यातून तरंगत इकडे आला.

ती तिथून हललीच नाही. आठला ओंजळी मिटू लागल्या. दहापर्यंत सगळ्या बंद झाल्या, फक्त केसर बाहेर सुकत राहिले. अकराला फवारा सुटला आणि त्यानं तेही धुऊन नेले. बारा वाजता तिच्यासमोर कणीस उभं होतं: मिटलेलं, हिरवं, घट्ट. जणू रात्रीपासून त्याला काही झालंच नव्हतं.

हे तिला माहीत नव्हतं का? होतं. जोंधळा पहाटे फुलतो आणि शेंड्याकडून खाली फुलत जातो, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. मागच्या वर्षी ती रोज सकाळी यायची. लोंबते केसर दिसले की तेवढा भाग खुडायची, मगच पिशवी. पाळी बदलली, ती दुपारी येऊ लागली, आणि जे डोळ्यांना दिसलं नाही ते हात विसरला. तिच्या अकराही कणसांवर पिशवी चढली ती शेंडा फुलून मिटल्यानंतर. सहांचा तो शेंडा कुणीतरी आधीच काढून ठेवला होता. पाचांचा काढायला कुणी राहिलं नव्हतं.

फियोनानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अडचण सांगितली. पाच कणसं भेसळीची, ती बाद. उरली सहा. पण त्या सहांबद्दल स्पृहाचीच सही असलेला कागद दप्तरात आहे: छेडछाड झालेली झाडं. अशा झाडांचे आकडे प्रबंधात घेता येत नाहीत. ज्यानं कापलं, त्यानं काय, कधी, का कापलं, हे पुराव्यानिशी लिहून दिलं तर समितीपुढे ठेवता येईल. नाहीतर डिसेंबर विसरायचा.

म्हणजे आता प्रल्हादच्या शब्दावर सगळं. ज्याच्या शब्दावर ती हसली होती.

त्याचा नंबर खरंच मराठी ग्रुपवर होता. रविवारी दुपारी तिनं फोन लावला. तो बेरी नावाच्या गावाला होता, नदीकाठच्या संत्र्यांच्या बागेत तोडणीला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"मी स्पृहा. काचघरातली."

 ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला.

"बोला, मॅडम."

तिनं घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. सहा स्वच्छ, पाच भेसळीची, पहाटे काय दिसलं ते. मग, "मला माफ करा," असं म्हणाली.

"तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?" तिनं विचारलं. विचारल्यावर तिलाच वाटलं की हा प्रश्न चुकीच्या माणसाला जातोय.

"सांगितलं की. झूमवर."

"त्याच्याआधी."

"मॅनेजरला मेल टाकला. सुट्टीवर आहे म्हणून आपोआप उत्तर आलं. तुमचा नंबर दोनदा काढला, ठेवला. दोन दाणे मागितले तर तुम्ही झाडाला पाठीशी घातलं होतं. म्हटलं, कात्री लावतोय सांगितलं तर हिला काय वाटेल. पिशव्या तुमच्या कुलपात, नाहीतर पिशवीच चढवली असती. आणि फुललेलं थांबत नाही ना मॅडम. त्याच दिवशी काढायला लागतं."

"मी ऐकून घेतलं असतं."

"नसतं घेतलं."



मग तिनं विचारलं, ते तुकडे कुठे गेले? पाकिटात भरले होते ते? तो म्हणाला, कुठे जाणार, झाडाचा तुकडा बाहेर न्यायला बंदी आहे. माती कालवायच्या टेबलाखाली सगळ्यात खालचा ड्रॉवर, त्यात असतील, कुणी फेकले नसतील तर. प्रत्येकावर तारीख, कुंडीचा नंबर, किती फुलं उघडली होती ते. फुलं मिटल्यावरच कापायचो, साडेदहाच्या पुढे, म्हणजे त्या दिवशीची सगळी उघडून झालेली असायची.

"तेव्हा तुम्ही मोजत होता. ओठ हलत होते," ती म्हणाली, आणि आपण काचेआडून बघत होतो हे सांगून बसलो, हे तिच्या लक्षात आलं.

"मोजून आधीच झालेलं असायचं. ते गाणं होतं. आमच्याकडं पाखरं राखताना बायका म्हणतात." आणि चाल न लावता, हिशेब सांगावा तसं त्यानं म्हणून दाखवलं:

जोंधळा गं निसवला, शेंड्याला झाली पहाट,
बुडाच्या कळीला माझ्या चार दिसांची वाट.

 मग स्पृहानं मनात ठरवून ठेवलेलं बोलून टाकलं. ती फियोनाला लिहून देणार होती की शेंडे कापायची परवानगी तिनंच तोंडी दिली होती, तीच विसरली. म्हणजे तक्रार आपोआप खोटी ठरेल, त्याचं नाव साफ होईल, सहा कणसं वाचतील. सगळ्यांचंच भलं.

"परवानगी तुम्ही दिली नव्हती," प्रल्हाद म्हणाला.

"पण लिहायला काय हरकत..."

"दिली नव्हती. ते लिहू नका. दुसऱ्याच्या झाडाला हात लावला, नियम मोडला, ते माझ्याकडं राहू द्या. पण का लावला ते लिहा. तुमची पिशवी चढायला दुपार व्हायची, ते लिहा."

"मग परीक्षक मला धारेवर धरतील, प्रल्हाद. एवढी साधी चूक कशी झाली म्हणून."

"विचारतील की. मला नव्हतं का विचारलं?"

ट्रॅक्टर पुन्हा जवळ आला. कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, तुमचं पत्र आधी जाऊ द्या, मग माझं येईल. आणि फोन ठेवला.

ड्रॉवरात पाकिटं होती. सहा. गोऱ्या मुलानं त्यावर रिकाम्या कुंड्या रचून ठेवल्या होत्या. स्पृहानं एकेक पाकीट भिंगाखाली उघडलं. सुकलेल्या तुसांत वाळलेले केसर अडकले होते, कुक्षींची पिसं काळवंडली होती. प्रत्येक पाकिटातलं फूल न् फूल उघडून मिटलेलं. कळी एकही नाही. त्यानं एक कळीदेखील जास्त कापली नव्हती.

पत्र लिहायला तिला तीन दिवस लागले. तक्रार तिनं एका सकाळीत लिहिली होती, तिच्यात शब्द कसे ओळीनं आले होते. हे पत्र येईना. पहिल्या मसुद्यात महामारी होती, पाळ्या होत्या, फवाऱ्याची वेळ होती. कादंबरीनं तो वाचला आणि विचारलं, "ह्यात तू कुठे आहेस?" दुसऱ्यात ती होती, पण शेवटच्या परिच्छेदात. तिसऱ्यात पहिलंच वाक्य होतं: कणसांवर पिशव्या मी उशिरा चढवल्या. त्यापुढचं मग भराभर लिहून झालं. संशयावरून मी एका माणसावर हेतूचा आरोप केला, तो चुकीचा होता. त्यानं मला न विचारता झाडांना हात लावला, हे खरं आहे. त्यानं लावला नसता तर माझ्याकडे एकही शुद्ध बी नसतं, हेही खरं आहे.

त्याचं पत्र दोन दिवसांनी आलं. पाऊण पान, तारखा आणि आकडे, एक विशेषण नाही.

समितीनं सहा कणसं धरली. अट अशी की प्रबंधाच्या कार्यपद्धतीत शेंडे कुणी कापले ते नावानिशी लिहायचं. दप्तरातली तक्रार पुसता येत नव्हती. तिच्याखाली दुरुस्ती जोडली गेली. फियोनानं प्रल्हादला पाळी परत देऊ केली. त्यानं कळवलं, संत्र्याची तोडणी चालू आहे, मुकादमाला शब्द दिलाय. डिसेंबरनंतर बघू, असंसुद्धा लिहिलं नव्हतं.

हे सगळं सांगायला स्पृहानं त्याला ऑक्टोबरात पुन्हा फोन केला. तो ऐकत राहिला. नाव कसं लिहिलंय ते त्यानं विचारलं. तिनं वाचून दाखवलं. ढोबळेतला ढ इंग्रजीत असाच उतरतो, चालेल, म्हणाला.

मग जरा थांबून, "आत्ताची कणसं? त्यांचे शेंडे कोण बघतंय?"

"मीच. रोज सकाळी जाते."

"किती वाजता?"

"सहा."

"उशीर होतो," प्रल्हाद म्हणाला. "आता दिवस लवकर उगवायला लागलाय. पाचला जात जा."

ती हो म्हणाली. फोन ठेवून तिनं पलीकडच्या खोलीत कादंबरीला विचारलं, की उद्या शिफ्टला तिची गाडी किती वाजता निघणार आहे.